आठवणीची पायवाट

१. मावशींची तक्रार

आमच्या गावच्या शाळेत रात्री मोठ्या माणसांचा वर्ग भरतो. दिवसभराची कामे उरकून बायामाणसे येतात. मुख्याध्यापकाच्या कामातून आम्ही निवृत्त झालो, पण खडूची सवय काही सुटली नाही. म्हणून हा वर्ग आम्ही घेतो.

एका रात्री एक मावशी आल्या. त्यांनी पाटी आणि पुस्तक आमच्यापुढे ठेवले. म्हणाल्या, "गुरुजी, हे ठेवा तुमचं. मला नाही जमायचं. काल गिरवलेला 'भ' आज 'म' वाटतो. डोकं जुनं झालं आता. त्यात काही राहत नाही."

या मावशी बचत गटात आहेत. दर महिन्याला पैसे भरतात. पण आपल्या नावापुढे किती रक्कम मांडली, ते त्यांना वाचता येत नाही. दुसरा सांगेल ते खरे धरायचे आणि अंगठा उठवायचा. हे त्यांना खुपत होते. म्हणून तर त्या वर्गाला येऊ लागल्या. आणि आता वर्ग सोडायला निघाल्या होत्या.

आम्ही विचारले, "मावशी, जात्यावरच्या ओव्या किती येतात?"

त्या हसल्या. "मोजल्यात कुणी? रात्र सरेल, ओव्या सरायच्या नाहीत."

"कुणी शिकवल्या?"

"शिकवायचं काय त्यात? आईसंगं दळायला बसायचे. ती म्हणायची, मी म्हणायचे."

"किती वर्षं झाली त्याला?"

"झाली असतील पन्नास."

पाहा मंडळी! पन्नास वर्षांपूर्वीच्या ओव्या ज्या डोक्यात शाबूत आहेत, ते डोके गळके कसे म्हणावे? मग कालचा 'भ' गेला कुठे? आज आपण हेच पाहू. आठवण धरते कशी, राहते कुठे, आणि हवी तेव्हा परत येते कशी?

२. ओंजळीतले पाणी

कोणी आपल्याला फोनचा नंबर सांगतो. दहा आकडे असतात. आपण ते मनात घोकत फोनपाशी जातो. इतक्यात दारातून हाक येते, "आहात का घरात?" आपण "या, या" म्हणतो. झाले! आकडे गेले.

ही आठवण ओंजळीतल्या पाण्यासारखी असते. ओंजळीत एका वेळी थोडेच मावते. आणि हात जरा हलला की तेही सांडते. असली आठवण काही क्षणच टिकते.

पण आपले नाव आपण विसरत नाही. माहेरची वाट विसरत नाही. बैल जुंपणे, भाकरी थापणे विसरत नाही. ही आठवण वर्षानुवर्षे टिकते. हिला आपण पक्की आठवण म्हणू.

ओंजळीतले सगळेच पक्के होत नाही. ते होऊही नये. काल बाजारात कोण कोण समोरून गेले, कोणाच्या अंगात कोणता सदरा होता, हे सारे जन्मभर डोक्यात राहिले तर माणूस कामाचे काही शोधणार कसे? विसरणे हा नेहमीच दोष नसतो. मेंदू निवड करतो. ज्याचे काम पुन्हा पुन्हा पडते, ज्याचा अर्थ कळतो, ज्याने मन हलते, ते तो सहसा ठेवतो. बाकीचे सोडून देतो.

३. हेन्रीची गोष्ट

आता एक खरी घडलेली गोष्ट ऐका. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचा एक माणूस होता. त्याचा जन्म १९२६ सालचा. त्याला फेफरे येत असे. औषधांनी ते थांबेना. काम करणेही अवघड झाले. शेवटी १९५३ साली डॉक्टरांनी त्याच्या मेंदूची शस्त्रक्रिया केली. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. मेंदूच्या आतल्या बाजूचा थोडा भाग त्यांनी दोन्हीकडून काढून टाकला.

फेफऱ्याचा त्रास पुष्कळ कमी झाला. पण दुसरेच संकट उभे राहिले. हेन्रीला नवी आठवण धरेना. तो चांगला बोलायचा. समजूतदार होता. लहानपणच्या गोष्टी सांगायचा. पण नुकतेच भेटून गेलेले माणूस परत आले, तर ते त्याला नवेच वाटे. ब्रेंडा मिल्नर नावाच्या विदुषीने त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. तरी दर भेटीला ती त्याला अनोळखीच!

मिल्नरबाईंनी त्याला एक काम दिले. कागदावर चांदणी काढलेली होती. हेन्रीने तिच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायची. पण कागदाकडे न बघता आरशात बघून. आरशात सगळे उलटे दिसते, त्यामुळे हात चुकतो. पहिल्या दिवशी हेन्री पुष्कळ चुकला. दुसऱ्या दिवशी कमी चुकला. तिसऱ्या दिवशी हात चांगला बसला. आणि गंमत अशी, की हे काम आपण पूर्वी कधी केले, हे मात्र त्याला मुळीच आठवत नव्हते!

या एका माणसामुळे जगाला मोठ्या गोष्टी कळल्या. पहिली, नवी आठवण पक्की करण्याचे काम मेंदूचा एक विशिष्ट भाग करतो. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोल, हा भाग असतो. त्याला हिपोकॅम्पस म्हणतात. दुसरी, जुनी आठवण कायम तिथेच राहत नाही. नाही तर हेन्रीचे बालपणही पुसले गेले असते. तिसरी, हाताची आठवण आणि घडलेल्या गोष्टींची आठवण या वेगवेगळ्या आहेत. सायकल चालवणे, विहिरीत पोहणे, विळ्याने कापणी करणे ही हाताची आठवण.

हेन्री २००८ साली वारला. तो जिवंत असेपर्यंत त्याचे नाव गुप्त ठेवले होते. आपल्यामुळे लोकांचे भले व्हावे, असे तो म्हणत असे. ते झाले.

४. कणगी नव्हे, पायवाट

पुष्कळांना वाटते, डोके म्हणजे धान्याची कणगी. ती भरली की नवे धान्य मावत नाही. किंवा कणगी जुनी झाली की खालून गळते. हा समज चुकीचा आहे.

आपल्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी बारीक पेशी असतात. प्रत्येक पेशीला धाग्यासारखे फाटे असतात. त्या फाट्यांनी ती हजारो पेशींना निरोप देते आणि घेते. आपण काही शिकतो तेव्हा काही पेशींमधून निरोप जातो. तोच निरोप पुन्हा पुन्हा गेला, की त्या पेशींमधला सांधा बळकट होतो.

माळावरची पायवाट आठवा. एक माणूस एकदा गवतातून गेला, तर चार दिवसांनी खूण राहत नाही. गवत पुन्हा उभे राहते. पण रोज माणसे गेली की वाट पडते. मग अंधारातही पाय चुकत नाही. पक्की आठवण म्हणजे डोक्यात पडलेली पायवाट.

एरिक कँडेल नावाच्या शास्त्रज्ञांनी हे समुद्रातल्या एका मोठ्या गोगलगाईवर तपासून पाहिले. थोडा वेळ टिकणाऱ्या आठवणीत पेशींचे जुनेच सांधे जरा ताकद धरतात. पण पुष्कळ दिवस टिकणाऱ्या आठवणीत पेशी नवे पदार्थ तयार करतात आणि नवे सांधे फुटतात. म्हणजे शिकल्याने मेंदू खरोखरच बदलतो. या कामाबद्दल कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

ही वाट एका रात्रीत पक्की होत नाही. लोणचे घातल्याबरोबर खाता येते का? ते मुरावे लागते. आठवणही मुरते. आणि ते काम झोपेतही चालते. दिवसा शिकलेले मेंदू झोपेत पुन्हा उजळतो. म्हणून रात्र रात्र जागून पाठ करणारा मुलगा आपलेच नुकसान करून घेतो.

आणखी एक. आठवण एकाच कप्प्यात नसते. लग्नाची आठवण घ्या. सनईचा आवाज मेंदूच्या एका भागात, माणसांचे चेहरे दुसऱ्या भागात, हळदीचा वास आणखी निराळ्या भागात. आठवताना मेंदू हे सारे एकत्र जुळवतो. म्हणून एक धागा ओढला की बाकीचे मागून येतात. आपण ओसरीवरून घरात जातो आणि कशाला आलो तेच विसरतो. परत ओसरीवर आलो की चटकन आठवते. आठवण गेली नव्हती. तिचा धागा ओसरीवर राहिला होता!

५. आमची चूक

आता आमची एक चूक कबूल करतो. शाळेत असताना आम्ही मुलांना सांगत असू, "पाढा वीस वेळा लिहून आणा." मुले एकाच बैठकीत वीस वेळा लिहीत. हात लिही, मन पतंगामागे! आठ दिवसांनी विचारावे तर पाढा गेलेला. आम्ही त्या मुलांना मठ्ठ म्हणालो. छड्याही दिल्या. आज वाटते, मुले मठ्ठ नव्हती. आमची रीत चुकत होती.

जर्मनीत हर्मन एबिंगहाउस नावाचे एक अभ्यासक होऊन गेले. त्यांनी अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि किती वेळाने किती विसरले ते मोजले. १८८५ साली त्यांनी ते पुस्तकात छापले. त्यांना काय दिसले? पहिल्या तासातच निम्म्याहून अधिक गेले. पुढे विसरण्याचा वेग मंदावला. पण जे विसरले असे वाटे, ते दुसऱ्यांदा पाठ करायला कमी वेळ लागे. म्हणजे वाट अगदी बुजली नव्हती. आणि एकाच दिवशी पुष्कळ घोकण्यापेक्षा थोडे थोडे, काही दिवस घोकलेले अधिक टिकले.

तेव्हा मावशी 'भ' विसरल्या, यात त्यांच्या वयाचा दोष नाही. तरुण, विद्वान माणूसही एका दिवसात असेच विसरत होता!

दुसरी गोष्ट २००६ साली अमेरिकेत दिसून आली. काही विद्यार्थ्यांना एक धडा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटले आणि आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तर पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पुस्तक उघडे असताना सगळे येतेसे वाटते. ते फसवे असते. पुस्तक मिटून आठवायला लागते, तेव्हा डोक्याला कष्ट पडतात. आणि त्या कष्टानेच वाट पडते. ओव्या अशाच पक्क्या झाल्या. जात्यापाशी पुस्तक कुठे होते? रोज पहाटे आठवूनच म्हणाव्या लागत.

६. वय आड येते का?

वय वाढले की नाव चटकन ओठांवर येत नाही, हे खरे. नवे शिकायला थोडा जास्त वेळ लागतो, हेही खरे. पण शिकणे बंद होत नाही.

लंडन शहरातल्या टॅक्सीवाल्यांचे पाहा. परवाना मिळवायला त्यांना सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्याला तीनचार वर्षे जातात. ही सारी मोठी, संसारी माणसे. २००० साली तिथल्या संशोधकांनी त्यांचे मेंदू यंत्राने तपासले. आपण वर ज्या हिपोकॅम्पसविषयी वाचले, त्याचा मागचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा दिसला. पुढे २०११ साली आणखी एक गोष्ट कळली. जे शिकून परीक्षा पास झाले, त्यांच्यात तो भाग शिकण्याच्या काळातच वाढला होता. मोठेपणी शिकूनही मेंदू वाढतो, याहून वेगळा पुरावा काय हवा?

मात्र एक सांगून ठेवतो. घरातले म्हातारे माणूस ओळखीची वाट चुकू लागले, जेवण झाले तेच विसरू लागले, घरच्यांना ओळखेना, तर "म्हातारचळ लागला" म्हणून हसू नका. तो आजार असू शकतो. त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. आणि रागावू नये.

७. आठवण खोटे बोलते का?

भीतीच्या किंवा दुःखाच्या वेळची आठवण खोल जाते. त्या वेळी अंगात काही रस सुटतात आणि मेंदू जणू म्हणतो, "हे विसरू नकोस." ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसे झोपली होती. चारच्या आधी धरणी हलली. हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. लातूर, धाराशिवकडच्या माणसाला ती पहाट विचारा. तो काल घडल्यासारखी सांगेल.

त्या वेळी आम्ही औसा तालुक्यात नोकरीला होतो. आमचे घर वाचले. पुढे वीस वर्षे आम्ही सांगत आलो, "जमीन हलली तशी आम्ही धाकट्या मुलीला उचलली आणि अंगणात धावलो." तिचे वजन हातावर जाणवावे, इतके ते आम्हांला स्पष्ट आठवे.

एकदा मामांच्या घरी जुने कागद निघाले. त्यात आमचेच पोस्टकार्ड सापडले. भूकंपानंतर आठ दिवसांनी लिहिलेले. अक्षर आमचे, सही आमची. त्यात लिहिले होते, "आम्ही घाबरून दाराच्या चौकटीत उभेच राहिलो. मुलीला तिच्या आईने उचलून बाहेर आणले."

आम्ही ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचले. मग घरी येऊन मंडळींना दाखवले. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तुम्ही इतक्या खात्रीनं सांगायचा, म्हणून मी गप्प बसले." आम्हांला लाज वाटली. आम्ही मुद्दाम खोटे बोललो नव्हतो. पण वीस वर्षे दुसऱ्याचे धैर्य आपल्या नावावर सांगत होतो.

असे का होते? आठवण म्हणजे छापलेला फोटो नव्हे. दर वेळी आठवताना मेंदू ती पुन्हा जुळवतो. जुळवताना थोडे गळते, थोडे नवे चिकटते. १९७४ साली अमेरिकेत काही विद्यार्थ्यांना दोन मोटारींच्या टकरीचा चित्रपट दाखवला. काहींना विचारले, "गाड्या धाडकन आदळल्या तेव्हा वेग किती होता?" काहींना विचारले, "गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता?" आठवड्याने सर्वांना विचारले, "फुटलेल्या काचा दिसल्या का?" चित्रपटात काच फुटलेली नव्हतीच. तरी 'आदळल्या' हा शब्द ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना काचा 'आठवल्या'. नुसत्या एका शब्दाने आठवण बदलली!

बांधाचा तंटा आठवा. उसनवारीचे भांडण आठवा. दोघेही शपथ घेतात, दोघांनाही स्पष्ट आठवते, आणि दोघांचे जुळत नाही. दर वेळी त्यात एक लबाड असतोच असे नाही. म्हणून व्यवहार त्याच दिवशी लिहावा. तारीख घालावी. दोघांनी सह्या कराव्यात. कागद शेजारधर्म राखतो.

लिहिण्याचा आणखी एक गुण आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्यांना गाणी सुचत. घरच्यांनी ती उतरून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. आज ती महाराष्ट्रभर ठाऊक आहेत. कागदावर उतरली म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

८. आपण काय करावे?

(१) एका वेळी थोडे शिका. दिवसाला दोनतीन अक्षरे पुरे.

(२) पुस्तक मिटा आणि आठवा. चुकले तर उघडून पाहा. चुकल्याची लाज धरू नका.

(३) उद्या पुन्हा आठवा. मग चार दिवसांनी. मग आठवड्याने. वाट बुजायच्या आत पुन्हा पाऊल पडू द्या.

(४) नव्याला जुन्याशी बांधा. 'भ' कशाचा? भाकरीचा. 'म' कशाचा? मक्याचा.

(५) दुसऱ्याला शिकवा. शिकवताना आपल्याला आठवावेच लागते.

(६) झोप मोडू नका. मुलांनाही परीक्षेच्या आदल्या रात्री झोपू द्या.

(७) शिकलेले वापरा. एस.टी.ची पाटी वाचा. औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचा. वर्ग संपला आणि वाचणे सोडले, तर वाटेवर पुन्हा गवत उगवेल.

आता मावशींचे काय झाले ते सांगतो. त्या रात्री आम्ही त्यांना पाटी-पुस्तक परत दिले. म्हटले, "आठच दिवस थांबा. घरी गेल्यावर पुस्तक उघडू नका. सकाळी चुलीपुढं राख पसरा आणि आठवून बोटानं 'भ' काढा."

आठ दिवसांनी त्या आल्या. म्हणाल्या, "पहिले दोन दिवस चुकला. नातू हसला. मग बसला हात." त्यांनी फळ्यावर 'भ' काढला. शेजारी 'म' काढला. दोन्ही बरोबर होते. गटाचे पुस्तक अजून त्यांना पुरते वाचता येत नाही. पण आपले नाव कुठल्या ओळीत आहे, ते त्या बोट ठेवून दाखवतात. त्यापुढचे आकडे आता चालू आहेत.

विचार करा आणि सांगा

१. हेन्रीला जुने आठवे, पण नवे का आठवेना?
२. पुन्हा पुन्हा वाचणे चांगले, की पुस्तक मिटून आठवणे? का?
३. उसने दिलेले पैसे त्याच दिवशी लिहून का ठेवावेत?
४. हा धडा मिटा. यातल्या तीन गोष्टी आठवून घरी कोणाला तरी सांगा. मग उद्या पुन्हा सांगा.